तयारीनिशी हजर राहावे

सव्वीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात पत्रं लिहिली. दाखले, बदल्या, फुटलेल्या काचांच्या चौकश्या, छत गळतं म्हणून वरच्या ऑफिसला धाडलेले एकवीस अर्ज. त्यातलं आता काही म्हणजे काही आठवत नाही. फक्त एक चार ओळींचं पत्र तोंडपाठ आहे, आणि ते मी रफूवालीला लिहिलं होतं.

शाळेपासून दोन गल्ल्या सोडून कपडे धुण्याचं एक मोठं दुकान आहे. त्याच्या जिन्याखाली एक टेबल आणि दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. रफूवाली तिथं बसायची. उंच गिऱ्हाईक आत आलं की हमखास जिन्याला डोकं आपटायचं, आणि ती सुईवरची नजर न हलवता म्हणायची, "डोकं जपा हो. मी फक्त कापड रफू करते."

कामात मात्र थट्टा नाही. कोटाला ठिणगीनं पडलेलं भोक असो की कसरीनं खाल्लेला स्वेटर, ती आधी कपडा उलटा करायची, आतल्या शिवणीतून त्याच कपड्याचे धागे एकेक करून ओढून काढायची आणि त्या धाग्यांनी भोक विणून काढायची. बाहेरचा दोरा लावला तर तो पहिल्याच धुण्यात चुगली करतो, असं तिचं म्हणणं. कपडा परत देताना ती गिऱ्हाइकालाच विचारायची, "दाखवा बरं, कुठं होतं?" गिऱ्हाईक दाराशी उजेडात जाऊन, चष्मा पुसून शोधायचं आणि शेवटी हात टेकायचं. तेव्हा ती जी हसायची, तशी एरवी हसताना मी तिला पाहिली नाही. नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा घरी यायचा. बाकी सगळा संसार त्या जिन्याखालीच.

तिची मुलगी आमच्या शाळेत चौथीत होती. तिला सगळी शाळा 'रेडिओ' म्हणायची. एकदा ऐकलेलं ती जसंच्या तसं बोलून दाखवायची. मैदानावरच्या सूचना, शिपायाचं खोकणं, मोठ्या बाईंचं रागावणं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांची नक्कल ती त्यांच्याच दारात करायची, आणि मी हसू दाबायला फाइलीत तोंड खुपसायचे.

त्या वर्षी चौथीला नवीन वर्गशिक्षिका आल्या. तरुण होत्या, आणि मला तेव्हा जरा आगाऊच वाटल्या. पण आधीच्या तिघींना तीन वर्षांत जे दिसलं नाही ते त्यांना महिन्याभरात दिसलं. ही पोर वाचतच नव्हती. पुस्तक समोर धरायची, वेळेवर पान उलटायची आणि ऐकलेला धडा म्हणायची. बाईंनी मुद्दाम दुसरंच पान उघडून दिलं, तरी तिनं तोच धडा म्हटला. पोर हुशार होती, पण अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे थाऱ्यावर राहत नव्हती.

अशा मुलांसाठी सोय होती. रोज एक तास विशेष शिक्षिका, प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला माणूस, जास्तीचा वेळ, तोंडी उत्तरं. हे काही कुणाचे उपकार नव्हते, मुलीचा हक्क होता. पण त्यासाठी वरच्या ऑफिसातल्या तज्ज्ञ बाईंनी मुलीला तपासून तसं लिहून द्यायला हवं, आणि त्या एकट्या बाईंकडे चाळीस शाळा. आमचा नंबर दोन वर्षांतून एकदा लागायचा.

रफूवालीला ऑफिसात बोलावलं तेव्हा आधी ती उखडलीच.

"माझ्या पोरीला वाचता येत नाही? अहो, अख्खं पुस्तक घडाघडा म्हणते ती!"

"म्हणते, ताई. वाचत नाही," मी म्हणाले.

ती खुर्चीच्या कडेला बसून राहिली. हाताला चाळा म्हणून तिनं अंगातल्या कोटात टोचून ठेवलेली सुई काढली आणि परत टोचली. मग हळूच म्हणाली, "माहीत आहे मला. दुपारी काम करता करता मीच तिला धडे वाचून दाखवते. वर्गात कुणी हसायला नको म्हणून."

म्हणजे तिनं इथंही भोक दिसू दिलं नव्हतं. मी तिला समजावलं, की आता ते दाखवायची वेळ आली आहे. निदान मला तरी वाटलं की मी समजावलं. तज्ज्ञ बाई येतील, मुलीला बघतील, मग रोजची शिक्षिका मिळेल, असं काहीतरी मी बोलले. ती मान डोलावत होती. जाताना तिनं माझ्या बाहीचा निघालेला धागा दातांनी तोडून टाकला. हे तिचं आभार मानणं.

पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं. 'सदर विद्यार्थिनीचे शैक्षणिक मूल्यमापन करण्यात येणार असल्याचे संबंधित पालकांस अवगत करण्यात यावे.' अशा पत्रांची मला चीड होती. साध्या माणसाला धाडायचं पत्र साध्या भाषेत लिहावं, हा माझा बाणा. मूल्यमापन म्हटलं तर रफूवालीला काय कळणार? मी तो शब्द काढला आणि 'परीक्षा' लिहिलं. बाकीचा मजकूर मागच्या वर्षीच्या शिष्यवृत्तीच्या पत्रावरून उचलला. आमच्या ऑफिसात कोरं पत्र कुणी लिहितच नाही, आधीचं समोर ठेवायचं आणि नाव, तारीख बदलायची. शेवटची ओळही तीच राहिली.

'आपल्या मुलीची परीक्षा पुढील महिन्याच्या चार तारखेस सकाळी दहा वाजता शाळेत घेण्यात येईल. परीक्षेनंतर मदतीबाबत निर्णय होईल. मुलीस सोबत घेऊन यावे. तयारीनिशी हजर राहावे.'

शिक्का मारताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. किती सुटसुटीत!

दुसऱ्या दिवशी दुपारी रफूवाली ते पत्र चार घड्या करून घेऊन आली. ऑफिसात मी एकटीच होते.

"मॅडम, परीक्षा कशावर आहे?"

इथंच मला थांबता आलं असतं. ताई, ही तसली परीक्षा नाही, हिला काही शिकवू नका, आहे तशी घेऊन या. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण माझ्या मागच्या कपाटात चौथीचं पुस्तक होतं. तज्ज्ञ बाईंनी कळवलं होतं, की न शिकवलेला एखादा धडा खूण घालून ठेवा. ती खूण मीच घातली होती. आणि ही बाई माझ्याकडे अशी बघत होती, की जणू सगळी शाळा माझ्याच हातात आहे. माझ्याकडे कुणी तसं बघत नसे. घंटा देणारा शिपाईसुद्धा मला विचारत नसे.

"तेरावा धडा बघून ठेवा," मी खालच्या आवाजात म्हणाले. "मधमाश्यांचा. आणि खालचे दहा कठीण शब्द. मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका."

मला कळत कसं नव्हतं, असं कुणी विचारेल. कळत होतं आणि मी विचार केला नव्हता, दोन्ही खरं आहे. साहेब खूश झाला की काम होतं, एवढंच मी नोकरीत शिकले होते. पोरगी छान वागली, छान वाचली की तज्ज्ञ बाई खूश होतील आणि सही करतील, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. आणि रफूवालीच्या डोक्यात तर माझ्या पत्रानं बसवलं होतं, की पास झाली तर मदत मिळणार.

तिनं कंबर कसली. अकरा दिवस तिनं नवी गिऱ्हाइकं परत धाडली. मी रफूला दिलेला माझा कोट आणायला गेले तेव्हा बघितलं. पुस्तक शिवणपेटीला टेकवून उभं केलेलं, आई एका डोळ्यानं भोक विणतेय, दुसऱ्यानं ओळ वाचतेय, आणि पोर खाली उलट्या खोक्यावर बसून मागोमाग म्हणतेय. "पोळ्यात एकच राणीमाशी असते," इथं आईचा धागा संपला. तिनं तो दातांनी तोडला, सुईत नवा ओवला आणि पुढं वाचलं. दहा शब्द पोरीनं चित्रासारखे काढून काढून हात दुखवून घेतला होता. मला बघून रफूवाली म्हणाली, "होईल ना, मॅडम?"

"होणार म्हणजे काय!" मी म्हणाले.

चार तारखेला मी त्या खोलीत होते, कारण कागदपत्रं द्यायला कुणीतरी लागतंच. तज्ज्ञ बाई भल्या होत्या, पण घाईत होत्या. त्यांना त्या दिवशी अजून दोन शाळा उरकायच्या होत्या. मुलीनं पुस्तक हातात घेतलं, बोट ओळीवर ठेवलं आणि धडा वाचायला सुरुवात केली. स्वच्छ, खणखणीत, अडखळणं नाही. पान उलटायला अर्ध्या वाक्याचा उशीर झाला तेवढाच.

"पोळ्यात एकच राणीमाशी असते," ती म्हणाली आणि थांबली. दातांनी टच्च केलं. मग पुढं वाचू लागली.

तज्ज्ञ बाईंना ती लकब वाटली असेल. त्या हसल्या. मला मात्र ते काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. तिनं आईचा धागासुद्धा पाठ केला होता. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं, पुढचं पान दाखवून "हे वाचायला सांगा" एवढंच म्हटलं असतं, तर त्या पोरीचं आयुष्य वेगळं झालं असतं. पण खरं सांगते, मला तेव्हा आनंद झाला होता. मी टेबलाखाली मुठी वळून मनातल्या मनात म्हणत होते, शाब्बास!

दहा शब्दांत एकच वेलांटी चुकली. तोंडी हिशेब सगळे बरोबर आले. दाराबाहेर रफूवाली उभी होती, पोर धावत जाऊन तिला बिलगली.

आठ दिवसांनी अहवाल आला. रफूवाली तो न्यायला नवा स्वेटर घालून आली होती. "पास झाली ना?" तिनं दारातूनच विचारलं.

मी कागद वाचला. 'वाचन व लेखन वयानुरूप. विशेष साहाय्याची आवश्यकता नाही.' मी परत वाचला.

"पास झाली," मी म्हणाले.

"मग? बाई कधीपासून येणार?"

"नाही येणार, ताई. पास झाली म्हणून नाही येणार."

तिला ते कळायला वेळ लागला. मी तीनदा सांगितलं. मग ती एकदम म्हणाली, "असली कसली परीक्षा ही?" तिचा राग खरा होता, फक्त तो कुणाच्या पत्त्यावर धाडायचा हे तिला ठाऊक नव्हतं. ती माझ्यावर चिडली नाही. ती कुणावरच चिडली नाही. कपाळाला हात लावून म्हणाली, "माझंच चुकलं. मी जास्त शिकवलं." आणि मी मूग गिळून बसले. हे मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही. पत्र लिहिताना झाली ती चूक होती. इथं मी गप्प बसले, ते पाप होतं.

वर्गशिक्षिका भांडल्या. पोरीनं धडा पाठ म्हटला असणार, असा त्यांचा अंदाज होताच. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "फेरतपासणी मागता येईल. पण पहिल्या वेळी काय गडबड झाली ते लेखी द्यावं लागेल. तुम्ही खोलीत होतात ना? द्या लिहून."

मी घरी न जाता ऑफिसातच मसुदा लिहिला. 'निवडलेला धडा मी पालकांस आधी सांगितला होता.' एका ओळीचं काम. पण इतकी वर्षं हंगामी काढल्यावर त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. ती ओळ मी खणात टाकली आणि दुसरं पत्र टाइप केलं, की त्या दिवशी मुलीची तब्येत ठीक नव्हती, तरी फेरतपासणी व्हावी. महिन्यानं उत्तर आलं. 'तब्येत ठीक नसतानाही विद्यार्थिनीचे वाचन उत्तम असल्याने फेरतपासणीचे कारण दिसत नाही.' शिपायाला ते वाचून हसू आलं. हसण्यासारखं होतंच. महिन्याअखेर माझी नोकरी कायम झाली.

पाचवीला पुस्तकं जाड झाली. रफूवाली दुपारभर वाचायची, पण पाच विषय आणि गिऱ्हाइकं, तिच्याही नाकी नऊ आले. भूगोलातली नावं तिला स्वतःलाच वाचता येईनात. आगाऊ वाटणाऱ्या त्या वर्गशिक्षिकेची बदली झाली होती. पाचवीच्या सरांनी रेडिओला वाचायला उभं केलं, ती ढिम्म. त्यांनी तिची फाईल मागवली. फाईल मीच नेऊन दिली. त्यांनी अहवाल आणि फेरतपासणीचं ते उत्तर वाचलं आणि वर्गासमोर म्हणाले, "इथं लिहिलंय तुला उत्तम वाचता येतं. म्हणजे तू मुद्दाम वाचत नाहीस."

त्या दिवसापासून ती शाळेच्या कागदावर आळशी झाली. मदतीसाठी काढलेला कागद तिच्याच डोक्यात मारला गेला. पुढं पुढं ती नकला करेनाशी झाली. एकदा ऑफिसच्या पायरीवर बसलेली दिसली, तास चालू होता.

"वर्गात जा ना गं," मी म्हणाले.

"मला येतं, पण मी करत नाही," ती म्हणाली. अगदी सरांच्या आवाजात. चौथीतल्या नकलेत ती डोळे मिचकावायची, या वेळी मिचकावले नाहीत. तिला ते खरंच वाटत होतं.

दोन वर्षांनी तज्ज्ञ बाई परत यायच्या होत्या. या वेळी मी कोऱ्या कागदावर पत्र लिहिलं. 'ही परीक्षा नाही. कसलीही तयारी करू नये.' दोन्ही वाक्यांखाली रेघ मारली आणि स्वतः जिन्याखाली नेऊन दिलं. रफूवालीनं ते वाचलं, घडी घातली आणि शिवणपेटीत ठेवलं. "आता राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "ती शाळेचं नाव काढलं की ओकते." सहावीचं अर्धं वर्ष झालं होतं. नवरा गाडीवरून आला, त्यानं पोरीकडे बघितलं आणि दाखला काढून नेला. दाखल्यावर सही मोठ्या बाईंची, अक्षर माझं. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात मी 'कौटुंबिक' लिहिलं.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या गल्लीनं जायची टाळाटाळ केली. कपडे फाटले तर फेकून दिले. मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. खण रिकामा करताना तळाशी तो एका ओळीचा मसुदा सापडला. फाडून टाकावा असं आधी मनात आलं. फाडला नाही. कोटाच्या खिशात घातला आणि कोट घेऊन जिन्याखाली गेले. कोटाला भोक होतं हेही खरं, पण मी ते निमित्त केलं होतं.

टेबलापाशी रेडिओ बसली होती. बावीस वर्षांची झाली असेल. आईला आता बारीक दिसत नाही, ती घरी बसून जाड कपड्यांच्या शिलाया करते, असं तिनंच सांगितलं. गिऱ्हाइकांना ती चिठ्ठी देत नाही. पन्नास-साठ कपडे कुणाचे, कधीचे, कुठं फाटलेले, सगळं तिच्या डोक्यात. मी अंधारात उभी, तोंड नीट दिसत नव्हतं, तरी मी "कोट आहे" एवढं म्हटलं आणि तिनं ओळखलं.

"शाळेच्या मॅडम!" ती म्हणाली. मग पाठ ताठ केली आणि आईच्या वाचायच्या सुरात म्हणू लागली, "आपल्या मुलीची परीक्षा पुढील महिन्याच्या चार तारखेस सकाळी दहा वाजता शाळेत घेण्यात येईल. परीक्षेनंतर मदतीबाबत निर्णय होईल. मुलीस सोबत घेऊन यावे. तयारीनिशी हजर राहावे." एक शब्द इकडचा तिकडं नाही. "आई अजून म्हणते, मॅडमचं पत्र किती सोपं होतं. सरकारी पत्रं आम्हाला कुणाकडून तरी समजून घ्यावी लागतात. तुमचं लगेच कळलं."

मी तिच्या त्या जुन्या उलट्या खोक्यावर बसले आणि सगळं सांगितलं. परीक्षा हा शब्द मी घातला, शेवटची ओळ मी उचलली, धडा मी फोडला, आणि पुढं नोकरीपायी गप्प बसले. खिशातला कागद काढून तिच्यापुढं ठेवला. मग लक्षात आलं, की तो तिला वाचता येणार नाही. मी वाचून दाखवला.

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझा कोट उलटा केला, आतली शिवण उसवली आणि धागा ओढू लागली.

"म्हणजे मला तिथं वाचता यायला नको होतं?"

"नको होतं, बाळा. आहे तसं दाखवायचं होतं."

तिनं धागा पुरेसा ओढून घेतला. मग म्हणाली, "एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचं ना, मॅडम. ते तर मला काहीही तयारी न करता जमलं असतं."

आणि तिनं धागा दातांनी तोडला.